आवाजाची आणेवारी

मनूची एक वेणी घालून झाली होती, दुसरीचे तीन पेड माझ्या बोटांत होते आणि जमीन गुरगुरली. मी वेणी सोडली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळ्यांनी मला एवढंच विचारलं की तू उठली का नाहीस. वेणी का सोडली नाहीस हे कुणी विचारलं नाही. आवाज खालून आला, नेहमीसारखाच, फरशीच्या पोटातून, जातं दुरून ओढत आणावं तसा. मांडणीतल्या ताटल्या एकमेकींना लागल्या. तळपायांना मुंग्या आल्या. हे सगळं मला पाठ होतं. ताटल्या याआधीही वाजल्या होत्या, फक्त मलाच वाजल्या होत्या. मनू माझ्या पुढ्यात पाटावर बसली होती. तिचे खांदे ताठ झालेले माझ्या गुडघ्यांना कळले. "मम्मी, हालायलंय," ती म्हणाली. मी म्हणाले, "काही नाही गं. वाटतं तसं. मान सरळ ठेव." आणि तिनं मान सरळ ठेवली. सात वर्षांची पोर, पण एकदाही मागे वळून पाहिलं नाही तिनं. मग घरातून की रस्त्यावरून कोण जाणे, ओरडणं आलं, "बाहेर निघा, बाहेर!" आणि मी मनातल्या मनात म्हटलं, आलास का बाबा, ये, बस, आज तुझं काही चालणार नाही. कारण गेली दोन वर्षं तो आवाज मला हेच सांगत आला होता. ऊठ पोरी, लेकरू घे, भाईर नीघ. मी पेडावर पेड टाकत गेले. रिबिनीचं फूल बांधलं, ते दोन्ही बाजूंनी सारखं आहे का पाहिलं. तोवर सगळं शांत झालं होतं, आणि घर पडलं नव्हतं.

ते घर पडलं नाही हे पाहून मला किती आनंद झाला, हे मी आजवर कुणालाच नीट सांगू शकलेले नाही. इतके महिने ज्यासाठी झटले ते साधलं होतं. आवाज आला, मी त्याचं ऐकलं नाही, आणि लेकराची वेणी पुरी केली. मनूचा हात धरून मी गॅलरीत आले, कुणाला तरी हे सांगायलाच हवं होतं. खाली रस्त्यावर सगळी गल्ली उभी होती. समोरचे निवृत्त मास्तर एका गालाला साबण लावून, कोपऱ्यावरच्या शिवकांताबाई हातात लाटणं घेऊन, कुणी बनियनवर, कुणी नातवाला काखोटीला मारून. मध्यभागी माझा नवरा राघवेंद्र, टॉवेलवर, ओल्या अंगानं. राघवेंद्र सिव्हिल इंजिनीअर आहे. या घराचा नकाशा त्यानंच काढला, पिलर किती खोल आणि सळई किती जाड हे तो पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवतो. मी आजारी पडले तेव्हा रोज रात्री मला समजवायचा, विनू, अख्खं नांदेड पडलं तरी आपलं घर हलणार नाही. हमी देणारा माणूस टॉवेलवर रस्त्यात उभा होता, त्याच्या शेजारी त्याची आई हातात जपमाळ धरून, आणि ते सगळेच्या सगळे वर, माझ्याकडे पाहत होते. मी हसले. मला वाटलं ते सगळे मला पाहून खूश आहेत. सासूबाईंचा आवाज वरपर्यंत आला, "अगं माय, लेकरू वर हाय आन् ही हासायली बगा!"

तेव्हा मला कळलं. खरं तर कळलं असंही नाही. आधी मनूच्या हाताला कळलं. तो माझ्या हातातून हळूच निसटला.

मी मूळची औसा तालुक्यातली. आमच्याकडे जमीन गुरगुरते हे कुणाला नवं नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात मी पाच वर्षांची होते. आमचं गाव पडलं नाही, पण त्या वर्षीचा अख्खा हिवाळा आम्ही पत्र्याच्या शेडात काढला. कुणाला जरा काही ऐकू आलं की तो शेडाशेडातून हाका देत पळायचा, आणि बायका लेकरं उचलून उघड्यावर. पुढे आवाजांची सवय झाली. आजही ते येतात. गावात साहेब लोक येतात, यंत्रं लावून जातात, पेपरात येतं की भूगर्भातले आवाज आहेत, नागरिकांनी घाबरू नये, आणि नागरिक खरोखरच घाबरत नाहीत. चहाचा कप जरा वेळ हातात धरून ठेवतात आणि मग पितात. दोन वर्षांपूर्वी माहेरी गेले असताना मी वडिलांना म्हटलं, "अप्पा, मला सारखं जमिनीखालून ऐकू येतंय." अप्पा म्हणजे व्यंकटराव, तलाठी म्हणून निवृत्त झालेले, शांत माणूस. ते म्हणाले, "हाव बाई, आमाला बी येतंय. समद्या गावाला येतंय. त्येला काय करायचं?" मला केवढं बरं वाटलं. नांदेडला परत येताना एसटीत मी झोपले, कित्येक रात्रींत पहिल्यांदा. माझं काही बिघडलेलं नाही, मी आपली माहेरची जमीन पायाला लावून सासरी आले आहे, एवढंच. राघवेंद्रलाही हे पटलं. "तुमच्या भागात ते आहेच," तो म्हणायचा. शेजारीपाजारी म्हणायचे. म्हणजे मी सांगत होते आणि सगळे मान डोलावत होते. आवाज येतो का, तर येतो. आम्हालाही येतो. तो काय बोलतो, हे मात्र कुणी विचारलं नाही. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात असते तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मला दवाखान्यात नेलं असतं. आमच्याकडे वेडाला सुद्धा भूगोलाचा आधार मिळाला.

तो बोलायचा ते असं. आधी गुरगुर, मग शब्द. बाईचा की बाप्याचा सांगता येत नाही, तोंडात माती धरून बोलावं तसा घोगरा. पोरी म्हणायचा. भाजी फोडणीला टाकताना, कॉलेजात तास घेताना, पोळीचा घास तोंडात असताना. पहिलं वर्ष-दीड वर्ष मी त्याला दाबलं. मग दाबता येईना. यंदाच्या मार्चमध्ये एका दुपारी तो इतक्या कळवळून बोलला की मी तास अर्धा टाकून रिक्षा केली, मनूच्या शाळेत गेले, घरी अडचण आहे म्हणून तिला वर्गातून काढलं आणि एका मोकळ्या मैदानात नेऊन बसवलं. छताखाली राहायचं नव्हतं. झाडाखालीही नाही, झाडंही पडतात. नांदेडचं मार्चमधलं ऊन काय असतं ते नांदेडकरांना सांगायला नको. मी तिच्या डोक्यावर माझा पदर धरला होता, हे मी नंतर सगळ्यांना सांगत राहिले, पदर धरला होता मी. ती आधी रडली, मग पाणी मागितलं, मग मागायचंही थांबली. मी तिला विचारत होते, "ऐकू येतंय ना मनू? तुला पण येतंय ना?" आणि ती म्हणाली, "हो मम्मी, मला पण येतंय." राघवेंद्रनं आम्हाला शोधून काढलं तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि मनूच्या अंगाचा नुसता तवा झाला होता. तिला सलाईन लावलं. मला शेजारच्या वॉर्डात सुई दिली. मनू बरी झाल्यावर सासूबाई तिला उदगीरला आपल्या घरी घेऊन गेल्या, तिथल्या शाळेत नाव घातलं, आणि मी माझ्याच घरात पाहुणी राहिल्यासारखी राहू लागले.

माझ्या अंगावर काटा येतो तो उन्हाच्या आठवणीनं नाही. ‘मला पण येतंय’ या तिच्या शब्दांनी येतो. आईनं विचारलं म्हणून लेकरू हो म्हणालं असेल, हे मला कळतं. पण एखाद्या दुपारी रिकाम्या घरात बसलं की दुसरंच वाटतं. तिला खरंच आलं असेल तर? डोळे माझ्यासारखे, हनुवटी माझ्यासारखी, आणि हेही? सर्दी लागते तसं हे मी तिला दिलं असेल तर? मग मी भिंतीला पाठ लावून बसून राहायची. रडूही यायचं नाही. मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळ्यांनी वजन वाढलं, तोंडाला कोरड पडली, आवाज बारीक झाला. गेला नाही. डॉक्टर म्हणाले, उरलेल्यासाठी बोलून उपचार करू. मला हसू आलं. आमच्याकडे बोलून कुणाचं काय बरं झालंय? बोलण्यानं तर भांडणं होतात.

डॉक्टर लेनमधल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दीपमाला मॅडम दर गुरुवारी बसायच्या. मूळच्या मुखेडच्या, गोल चेहरा, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं अगदी गावाकडचं. मला वाटलं होतं पुण्यामुंबईसारखं काहीतरी गोड गोड बोलतील. त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला ओढली आणि पहिला प्रश्न विचारला, "काय मनतो तो?" एवढ्या काळात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. मी इतकी रडले की बाहेर बसलेल्या राघवेंद्रनं दार वाजवलं. मग त्यांनी हळूहळू सगळं काढून घेतलं. काय म्हणून हाक मारतो? पोरी. म्हंजी तुमच्याहून मोठा हाय. हो. चिडलेला वाटतो का घाबरलेला? हे मी कधी पाहिलंच नव्हतं. डोळे मिटून आठवलं आणि म्हणाले, घाबरलेला. त्या दिवशी मला त्याची थोडी दया आली. पुढे कधीतरी शेडातला तो हिवाळा निघाला, हाका देत पळणारे निघाले, आणि मॅडम म्हणाल्या, "त्या टायमाला कुणी तरी तुमाला वाचवायलं होतं. ते आजून वाचवायलंच लागलंय. त्येला कुणी सांगितलं न्हाई की आता बास." मला हे सोळा आणे पटलं असं नाही. पण घरी जाताना गोदावरीच्या पुलावर मी राघवेंद्रला म्हटलं, गाडी जरा हळू घे, आणि पाणी पाहिलं. कितीतरी दिवसांत मी काही पाहिलंच नव्हतं.

आणे हा शब्दही त्यांचाच. पीक किती येणार हे सरकारदरबारी आण्यांत सांगायची जुनी रीत आमच्याकडे अजून तोंडात आहे. अप्पा तलाठी असताना शेताच्या बांधावर उभे राहून नुसत्या नजरेनं आणेवारी ठरवायचे. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, मग सोपं झालं की. आवाज आला की पळायचं न्हाई आन् त्याच्यासंगं भांडायचं बी न्हाई. बांधावर उभं राहायचं आन् बघायचं, घर पडतंय हे रुपयात किती आणे खरं वाटतंय? सुरुवातीला मी पंधरा म्हणायची. मग हातातलं काम चालू ठेवायचं. कणीक तर कणीक, झाडू तर झाडू. काम संपलं की पुन्हा बघायचं, पडलं का घर? नाही पडलं. आता किती आणे? बारा. "त्येला बसायला पाट द्या," त्या म्हणायच्या, "पर घराची किल्ली देऊ नका." आणि अगदीच कळेना झालं तर जवळच्या माणसाला विचारायचं, तुम्हाला ऐकू आलं का? हा शेवटचा उपाय मी फारसा वापरला नाही. राघवेंद्रला विचारलं की त्याचा चेहरा असा काही व्हायचा की मीच म्हणायची, जाऊ दे, काही नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पंधराचे आठ झाले, आठाचे चार. ज्या आठवड्यात दोनवर आले त्या आठवड्यात राघवेंद्र स्वतःहून म्हणाला, दिवाळीच्या सुट्टीत मनूला आणू. सुट्टी नीट गेली तर उदगीरचा दाखला काढू, ती इथंच राहील. अट एकच. तिच्यासमोर त्या आवाजाचा विषय काढायचा नाही. चकार शब्द नाही. मी म्हटलं, नाही काढणार. ती परत येणार असेल तर मी जन्मभर मुकी राहिले असते.

आता त्या सकाळचं पुन्हा पाहा. जमीन गुरगुरली. माझे आधी बारा आणे झाले, लगेच मी त्यांना खाली ओढलं. हातातलं काम चालू ठेवलं. जवळच्या माणसाला विचारायचं, तर जवळ एकच माणूस, मनू, आणि तिला विचारायचं नाही हे ठरलेलं. आणि तेवढ्यात तीच म्हणाली, हालायलंय. मला वाटलं, आलं. माझं तिच्यात आलं. आता ही जन्मभर तळपाय दाबत फिरणार, गोळ्या खाणार, एखाद्या उन्हात आपल्या लेकीला घेऊन बसणार. मी घाईघाईनं ते तिच्यावरून पुसून टाकलं. काही नाही गं, वाटतं तसं. गावाकडे अप्पांनी मला ‘सगळ्यांनाच येतं’ म्हणून गप्प केलं होतं, मी तिला ‘कुणालाच येत नाही’ म्हणून गप्प केलं. दोन्ही वेळा माया होती. मायेनं किती वाट लागते हे आम्हा लोकांना कधी कळणार कोण जाणे.

नुकसान कुणाचंच झालं नाही. टीव्हीवर सौम्य धक्का म्हणाले, घाबरू नका म्हणाले. एका पत्र्याच्या घरावरचा दगड घसरला, तेवढंच गावभर. अप्पांचा फोन आला, "आमच्याकडं तर रोजचंच हाय बाई, तुमाला आज कळलं." मी फोन ठेवला. राघवेंद्र कपडे घालून समोर येऊन बसला होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं, मी ओरडले असते, भांडी आपटली असती. तो अगदी हळू बोलला. "मी हाक मारली होती विनू. बाथरूममधून निघालो तेव्हा ओरडलो, बाहेर निघा म्हणून. मला वाटलं तुम्ही मागं आहात."

"मला वाटलं तो आहे," मी म्हणाले.

त्यानं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "मला तुझा राग नाही आलेला. मला भीती वाटली. खालून बघितलं तर तू हसत होतीस."

"मला वाटलं मी जिंकले."

"म्हणजे नव्हतं तेव्हा तू पोरीला घेऊन पळालीस, आणि होतं तेव्हा बसून राहिलीस." त्याचा आवाज फाटला. "मी कशाच्या भरवशावर ठेवू तिला तुझ्यापाशी? तूच सांग. मी ठेवतो. तू सांग फक्त."

रात्रंदिवस मी हाच एक प्रश्न चघळते आहे. खरा आवाज आणि माझा आवाज यात मला काहीच फरक लागला नाही. एकच गुरगुर, एकच ताटल्या, एकच मुंग्या. लोकांना वाटतं वेड्या माणसाला जे ऐकू येतं ते काहीतरी भुताखेतासारखं, धूसर असणार. तसं नसतं हो. समोर बोललेल्या बोलण्याइतकं ते स्वच्छ असतं. माझ्या कानाला ते दोन नाहीत, एकच आहे. मग मी आयुष्यभर काय करायचं? प्रत्येक वेळी पळायचं, की प्रत्येक वेळी बसायचं?

गुरुवारी मी हेच मॅडमना विचारलं. राघवेंद्र बाहेर होता. मी आत जाऊन बसलेसुद्धा नाही. "तुम्ही कुठं होतात त्या सकाळी?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पळाले मी. चप्पल बी न घालता."

"आणे मोजले का?"

"न्हाई."

"मग मला का मोजायला लावलेत?" मी इतक्या मोठ्यानं ओरडले असेन की खाली केमिस्टच्या दुकानातल्या लोकांनी वर पाहिलं. "माझी पोर पुन्हा उदगीरला चालली ना! तुम्ही म्हणालात काम सोडू नका, मी सोडलं नाही. तुम्ही म्हणालात किल्ली देऊ नका, मी दिली नाही. जे जे शिकवलं ते ते केलं मी, शाळेतल्या पोरीसारखं!" मॅडमनी मला बोलू दिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "तुम्ही बराबर केलं," त्या म्हणाल्या. "मी शिकवताना ह्या जमिनीवर बसून शिकवलं, आन् तीच इसरले. खरंच हाललं तर काय, हे मी शिकवलंच न्हाई. पर एक सांगा, जवळच्याला इचारायचं, ते कामून राहिलं?" मी सांगितलं. जवळ मनू होती आणि मनूसमोर बोलायचं नाही असं घरी ठरलंय. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. त्यांनी लगेच राघवेंद्रला आत बोलावलं आणि त्याला समजावलं की लेकराला तिच्या वयाचं सांगावं लागतं, घरात हा विषय झाकून ठेवू नका, एकमेकांना विचारायची सवय लावा, थोडा वेळ द्या, ह्या बाईनं वर्षात जे केलंय ते सोपं नव्हतं. राघवेंद्र प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. तो सभ्य माणूस आहे. "बघू मॅडम," तो म्हणाला, "पुढं बघू." मला त्याची मान हलवण्याची पद्धत माहीत आहे. काम नको असलेल्या गिऱ्हाइकासमोर तो अशीच हलवतो.

सुट्टी संपायला अवकाश होता, तरी शनिवारीच निघायचं ठरलं. सासूबाईंनी मनूची पिशवी भरली. त्या वाईट नाहीत. माझ्यासाठी चिवड्याचा डबा भरून ठेवला, माझ्या गोळ्यांच्या पाकिटाकडे पाहून हळूच म्हणाल्या, "तू बरी हो गं विनीता. लेकरू काय, तुजंच हाय." एवढं बोलून त्यांनी डोळ्याला पदर लावला. मी मनात म्हटलं, आत्याबाई, मी त्या सकाळी बरी झाले होते. अगदी पूर्ण बरी झाले होते मी. पण हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? मनू सकाळपासून माझ्या आसपास फिरत होती, जवळ येत नव्हती. केस तिचे आजीनं विंचरले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होते. सासूबाई घट्ट वेणी घालतात, तिला दुखत होतं, ती काही बोलली नाही.

खाली गाडी लागली. राघवेंद्र पुढे, मागे सासूबाई आणि मनू. मी मनूच्या बाजूच्या काचेपाशी गेले. मला फक्त पापा घ्यायचा होता, दुसरं काही मनात नव्हतं, शपथ घेऊन सांगते. शहाण्यासारखं वागले, हसून निरोप दिला, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा आणतील, हा हिशेब मला कळत होता. पण तिचं तोंड पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मनू, त्या दिवशी तुला ऐकू आलं होतं ना गं?"

तिनं आधी आजीकडे पाहिलं. मग बापाच्या पाठीकडे. मग माझ्याकडे, आणि अगदी स्वच्छ, पाठ केल्यासारखं म्हणाली, "नाही."

"हलल्यासारखं पण नाही?"

"नाही. मला काहीच ऐकू येत नाही."

हे उत्तर मला ओळखीचं होतं. नवऱ्याला, शेजाऱ्यांना, कॉलेजातल्या बायकांना मार्चपासून मी हेच उत्तर दिलं होतं, याच सुरात, असेच डोळे न हलवता. ऐकू येतं म्हणणाऱ्या माणसाचं काय करतात हे तिनं पाहिलं होतं. माझं तिला काही लागलेलं नव्हतं; तिचे कान चांगले होते, जमीन हलली तर हलली म्हणणारे. आणि आता ती ते कान झाकायला शिकली होती, तेही माझ्याकडून. मी काचेची कड धरली.

"विनीता, लेकरासमोर नको," सासूबाई म्हणाल्या.

"विनू," राघवेंद्र म्हणाला. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात उन्हाळ्याची सुट्टी होती, पुढची दिवाळी होती, सगळं होतं. एक शब्द बोललीस तर हे गेलं, असं तो मला स्पष्ट सांगत होता.

"मनू, ऐक," मी म्हणाले. "जमीन हलली होती. खरंच हलली होती. तू म्हणालीस ते बरोबर होतं, मम्मीचं चुकलं. मम्मीला कधी कधी नसलेलं ऐकू येतं, तो मम्मीचा आजार आहे, तुला नाहीये तो. तुला ऐकू आलं तर ऐकू आलं म्हणायचं. आणि पुन्हा हललं तर उठून पळायचं. मी बस म्हणाले, तरी पळायचं. माझं ऐकायचं नाही. कळलं?"

राघवेंद्रनं गाडी सुरू केली. सासूबाईंनी मनूच्या दंडाला धरून तिला आत ओढलं, पण ती माझ्याकडेच पाहत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली, गणित सुटत नसलं की पडते तशी.

"मग तू का नाही पळालीस?" तिनं विचारलं.

"तू माझ्याजवळ राहावीस म्हणून," मी म्हणाले.